आतल्या खोलीची नळी

टेकचंदच्या गोठ्यातली म्हैस आता सुगतला पाहून उठत नसे. पहिल्या दिवशी बॅटरीच्या उजेडाला भिऊन तिनं दावं तोडलं होतं. आता ती पडल्या पडल्या रवंथ करायची आणि तो तिच्या अंगावरून वाकून कुडाच्या भिंतीवर उजेड पाडायचा.

मलेरियाचा डास भिंतीवर तिरका बसतो, मागचं टोक वर करून. एवढी ओळख मनाली मॅडमनी त्याला सुरुवातीलाच करून दिली होती. सुगत काचेच्या नळीचं तोंड डासावर हळूच टेकवी आणि तिला जोडलेल्या रबरी नळीचं टोक ओठांत धरून श्वास आत ओढी. डास काचेत येई. मध्ये बारीक जाळी होती, म्हणून तो तोंडात जात नसे. पण गोठ्याची सगळी हवा तोंडात यायची. मूत, भाताच्या पेंढ्याची ओली तणस, शेणीचा धूर. नंतर कितीही चुळा भरल्या तरी चहाला तणसाचा वास लागायचा.

एकोडीच्या पलीकडे मोहटोला हे त्याचं गाव. तलावाच्या पाळीला लागून टेकचंदचा वरचा मोहल्ला, उतारावर सुगतची बौद्धांची वस्ती, आणि भोवती धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. मागच्या पावसाळ्यात गावात तापानं बरेच लोक पडले, म्हणून यंदा नागपूरहून डासांचा अभ्यास करणारी मंडळी आली होती. सुगतनं आयटीआय केलं होतं, पण काम कुठं मिळत नव्हतं. त्या मंडळींतल्या मनाली मॅडमनी त्याला हंगामापुरतं ठेवून घेतलं. उजाडताना घरोघर जायचं, डास पकडायचे, मॅडमच्या जीपमध्ये नेऊन द्यायचे. प्रत्येक घरच्या दोन नळ्या. एक गोठ्याची, एक माणसं झोपतात त्या खोलीची.

गोठा आटोपून तो अंगणात आला. टेकचंदची बायको मंदाबाई सडा टाकत होती.

"काकू, आतली खोली पाहाची होती."

"आतनी कायले? मच्छर सारे गोठ्यातच रायतेत ना."

"मॅडमनं सांगतलं हाय. झोपाची खोली बी पाहा लागते."

मंदाबाईचा हात बादलीत थांबला. ती रागावली नव्हती. उलट आवाज मऊ करून म्हणाली, "डिंपल झोपून हाय अजून. अन् आत देवघर हाय. तू असं कर बापू, गोठ्यातलेच जरा जास्तीचे घेऊन घे. चाय घेशील?"

चहा कागदाच्या कपात आला. आजकाल घरोघर कागदी कप आणून ठेवलेले असत. सुगतनं तो गोठ्याच्या उंबरठ्यावर बसून घेतला आणि "बरं काकू" म्हटलं.

दुसरी नळी रिकामी होती. आत जाता आलं नाही तर कारण लिहून आणायचं, असं मॅडमनी सांगितलेलं होतं. सुगतनं पेन काढलं. 'आत घेतलं नाही' असं लिहायचं होतं. ते मॅडम वाचतील, जीपचा ड्रायव्हर वाचेल, मग विचारतील, का घेतलं नाही? त्यानं पेनचं टोपण लावलं. गोठ्याच्या नळीतले अर्धे डास रिकाम्या नळीत सोडले, तोंडाला कापूस लावला आणि वर 'आतली खोली' अशी चिठ्ठी चिकटवली. डास दोन्हीकडचा सारखाच दिसत होता.

पुढच्या घरी त्यानं आतल्या खोलीचं विचारलंच नाही. त्याच्या पुढच्या घरीही नाही.

मॅडमची जीप मोहाच्या झाडाखाली उभी असे. मॅडम बॉनेटवर डबा ठेवून नळ्या लावून घेत. त्या बोलत कमी, पण त्या दिवशी पाऊस उघडला होता आणि त्यांना बोलावंसं वाटत होतं.

"मी दोन वर्षं टांझानियात हेच काम केलं," त्या म्हणाल्या. "तिथला डास माणसावरच जगतो. घरात शिरायचं म्हणजे आधी म्हातारीपाशी बसायचं, ती देईल ते खायचं, मग खोली. एका घरात पलंगावर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. ती हलेना म्हणून अख्खं घर हसत उभं. इथे कशी माणसं आहेत? आत जाऊ देतात ना सगळे?"

"देतात मॅडम."

"वरच्या मोहल्ल्यातही?"

सुगत डब्यातल्या नळ्या सरळ करत होता. "काही अडचन नाही, मॅडम."

त्या त्याच्याकडे थोडा वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी डबा बंद केला.

पऱ्हे, म्हणजे वाफ्यातली धानाची रोपं, हातभर झाले आणि ते बांधीत लावायची रोवणी लागली. सुगतची आई मंगलाबाई वस्तीतल्या बायांची पुढारीण. कोणाच्या बांधीत किती बाया, कोणाचं आधी, कोणाचं मागून, हे तिच्या शब्दावर चाले. टेकचंदची बोडीखालची, लहान तळ्याखालची, बांधी दरसाल तिच्याच बाया लावत. सकाळी पऱ्हे उपटायचे, मुळांचा चिखल धुऊन पेंड्या बांधायच्या, दुपारून चिखलात वाकून मागं मागं सरकत रोवत जायचं. पाठीवर प्लास्टिकची खोळ, त्यावर पाऊस. संध्याकाळी पायांच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून सुटायची. मंगलाबाई घरी आल्यावर चुलीपाशी पाय लांब करून बेंबीत लावायचं तेल बोटांत लावत बसे.

"मंगला," टेकचंद बांधीच्या धुऱ्यावर छत्री धरून उभा राहत म्हणायचा, "तुहा पोट्टा मच्छर पकडून काय करते वो? इंजेक्शन देते का त्याहिले?"

"पगार देते," मंगलाबाई वाकल्या वाकल्या म्हणायची. "तुमच्याहून बरा देते."

बाया हसायच्या. टेकचंदही हसायचा.

सुगतचा बाप चिंधू त्या वर्षी रोवणीला नव्हता. उन्हाळ्यात तो गडचिरोलीकडे बांबू तोडायला गेला आणि मिरगाच्या सुमारास ताप घेऊन परतला. आशाताई हर्षानं बोटाला टोचून रक्त तपासलं, पट्टीवर मलेरिया निघाला. गोळ्या झाल्या, ताप गेला. पण अंगात जोर आला नाही. तो खाटेवर बसून दोऱ्या वळायचा आणि कोणी आलं की म्हणायचा, "आता बरा हाय बाप्पा, फकस्त पाय आपले वाटत नाही."

रोवणी भरात असताना ग्रामपंचायतीत सभा झाली. मॅडमनी सोपं करून सांगितलं. डासाच्या पोटातलं रक्त तपासलं की तो कोणाला चावला ते कळतं. वरच्या मोहल्ल्यातल्या डासांच्या पोटात गाईम्हशीचंच रक्त निघालं. गोठ्यातल्याही आणि, त्या जरा थांबून म्हणाल्या, झोपायच्या खोलीतल्याही. खालच्या वस्तीतल्या खोल्यांत मात्र माणसाचं रक्त आहे. फवारणीचं औषध यंदा कमी आलं आहे, तेव्हा आत्तापुरती ती खालच्या वस्तीत करू. पुढचे नमुने पाहून वरचं ठरवू.

"म्हंजे," टेकचंद मागून मोठ्यानं म्हणाला, "आमचे मच्छर मानसाले शिवत बी नाहीत!"

सगळी सभा हसली. मॅडमही हसल्या. सुगत दाराशी उभा होता. आत्ता पुढं जाऊन सांगावं, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात लोक उठले, चपला शोधायला लागले, आणि ते राहून गेलं.

मॅडम 'आत्तापुरती' म्हणाल्या होत्या, 'पुढचे नमुने' म्हणाल्या होत्या. ते सभेतच राहिलं. पंचायतीच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्यातलं एवढंच उरलं की ताप खालच्या वस्तीत आहे. पानठेल्यावर पोचेपर्यंत तो चिंधूनं आणला असं झालं.

दुसऱ्या दिवशी मंगलाबाई बायांना घेऊन टेकचंदच्या बांधीवर गेली तर तो धुऱ्यावरच आडवा उभा.

"मंगला, आजपासून नोको येऊ. एकोडीच्या बाया सांगतल्या हायत. ऑटो येऊन राह्यला त्याहिचा."

"काहून?"

"तूच समज ना. घरी पोटुशी सून हाय. पोरगा धनंजय नागपूरले कंपनीत. काही झालं त मी कोनाले तोंड दाखवू?"

"कालचे पऱ्हे आमी उपटले, भाऊ. पेंड्या पान्यात पडून हायत."

"त्या लावतील."

मंगलाबाईनं बांधीकडे पाहिलं. पेंड्या तिच्या बायांनी बांधलेल्या होत्या, तिच्याच पद्धतीनं, बुंध्याला दोन वेढे. ऑटो आला. एकोडीच्या बाया खाली उतरल्या, लुगडी खोचली आणि कोणाकडे न पाहता बांधीत उतरल्या. वस्तीतल्या बाया थोडा वेळ धुऱ्यावर उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या. वाटेत एकजण म्हणाली, "चिंधूभाऊले गडचिरोलीले जायले कोनं सांगतलं होतं का?" मंगलाबाईनं ऐकलं.

टेकचंदचं पाहून वरच्या मोहल्ल्यातल्या बाकीच्यांनीही बाहेरच्या बाया सांगितल्या. रोवणी हाच बायांचा हंगाम, आणि त्या घरी बसल्या. वस्तीत फवारणी झाली. भिंतींवर पांढरे ओघळ उमटले, कोंबड्या दोन दिवस अंगणाबाहेर राहिल्या.

फवारणीनंतर आठवड्याभरात टेकचंदच्या सुनेला, डिंपलला ताप आला.

हर्षा आधी तिकडं जाऊन आली आणि परत जाताना मंगलाबाईच्या दाराशी थांबली. "मलेरियाच हाय," ती म्हणाली. "सातवा महिना लागला तिले. थंडी अशी वाजे का खाट हाले. साकोलीले नेलं आता."

"लेकरू?"

"पाहून राह्यले. डॉक्टर म्हनते का अखीन एक ताप आला त भरवसा नाही."

मंगलाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. हर्षा गेल्यावर तिनं बाहेर जाऊन उगाचच अंगण झाडलं.

चिंधू त्या दिवशी चहाला पानठेल्यावर गेला होता. बाकावर बसलेल्यानं सरकून जागा केली, पण जरा जास्तच सरकून. ठेलेवाला म्हणाला, "चिंधूभाऊ, तिकडं बाभळीखाली बसा गा. तुमाले चावलेला मच्छर आमाले चावला, त आमी कोठं जावं?" लोक हसले. चिंधू कप हातात घेऊन बाभळीखाली गेला आणि चहा पिऊन घरी आला.

घरी येऊन त्यानं वळचणीची मच्छरदाणी काढली, खाटेला बांधली आणि भर दुपारी आत जाऊन बसला.

"हे काय?" सुगतनं विचारलं.

"कोनाले चावून जाईन मच्छर. मले चावून."

"बाबा, तुमच्या रक्तात आता काही नाही. हर्षाताईनं मांगच्या हप्त्यात पाह्यलं ना."

"पट्टीत दिसत नसन," चिंधू म्हणाला. "लोक म्हनतेत त असन." त्यानं मच्छरदाणीची कड गादीखाली खोचली, नीट, चारी बाजूंनी, आणि आत दोरी वळत बसला. पुढचे दिवस तो तसाच बसला. जेवणाची थाळी मंगलाबाई कड उचलून आत सरकवायची आणि तो ती कड लगेच खोचायचा.

सुगतनं तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी मंगलाबाई तरोट्याची भाजी निवडत बसली होती, तो तिच्यासमोर जाऊन बसला.

"माय, त्या नळ्या खोट्या हायत."

"कोनत्या नळ्या?"

"वरच्या मोहल्ल्याच्या. मंदाकाकूनं मले आत घेतलं नाही. म्हनून मी गोठ्यातलेच मच्छर दोन्ही नळ्यांत भरले. आतल्या खोलीची म्हनून गोठ्याची देल्ली. मंग गाईचंच रक्त निघन ना."

मंगलाबाई पानं खुडत राहिली. जरा वेळानं म्हणाली, "अन् बाकीच्या घरी?"

"बाकीच्या घरी मी विचारलंच नाही."

आता तिचे हात थांबले.

"म्हंजे त्याहिच्या खोल्याईत मच्छर मानसाले चावत असतील."

"चावतच असतील."

"अन् फवारा मारला आपल्याकडं. अन् रोवणं गेलं आपलं. अन् हा मानूस," तिनं हनुवटीनं खाटेकडं दाखवलं, "हा कोंबडीसारखा डालग्यात बसला."

सुगत खाली पाहत होता.

"तुले आत घेतलं नाही, हे सांगाची तुले काहून लाज वाटली रे? ते लाज तिची होती. तू उचलून घरी काहून आनली?"

"सांगतलं असतं त तुह्या रोवण्याचं काय झालं असतं? मॅडमले त्याहिचं नाव सांगतल्यावर टेकचंदभाऊनं तुले ठेवलं असतं का?"

"नसतं ठेवलं," मंगलाबाई म्हणाली. "मंग आता ठेवलं का?"

मच्छरदाणीतून चिंधू बोलला. त्याचा चेहरा जाळीमागे नीट दिसत नव्हता. "आता नोको सांगू बापा. रोवणं त सरत आलं. तुही नोकरी बी जाईन. घरात एक त पगार येते."

"अन् ते पोट्टी?" मंगलाबाईनं विचारलं. "दवाखान्यातून घरी येईन, त्याच खोलीत निजन. अखीन चावन तिले."

दोरीचा पीळ घालायचा आवाज थांबला.

सुगत एसटीनं साकोलीला गेला. मॅडमनी तिथं भाड्यानं खोली घेतली होती. टेबलावर सूक्ष्मदर्शक, बाजूला थर्माकोलचे डबे. सुगतनं दारातूनच सगळं सांगितलं, मध्ये न थांबता, म्हणजे थांबायला जागा राहू नये.

मॅडमनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. "किती घरांत?"

"वरच्या मोहल्ल्यातल्या साऱ्याच."

"मी तुला विचारलं होतं. मोहाच्या झाडाखाली."

"हो, मॅडम."

"रिकामी नळी चालली असती, सुगत. रिकाम्या नळीनं माझं काही बिघडलं नसतं." त्या खिडकीशी गेल्या. "आणि मीही काय, खोलीतल्या डासात फक्त गाईचं रक्त, हे मला खटकलं होतं. एकदा सोबत यायला हवं होतं मी. वाटलं, इथला डास असाच असेल."

मग त्या कामाचं बोलू लागल्या. आधीच्या नळ्या सगळ्या बाद. वरच्या मोहल्ल्यात पुन्हा पहिल्यापासून. रक्त तपासून घेऊन मग फवारणीसाठी वर लिहायचं. त्याला ठेवायचं की नाही, ते हंगाम संपल्यावर पाहू.

"मॅडम, बाबाचा ताप डिंपलवहिनीले गेला का?"

"माहीत नाही. हर्षानं ताप असतानाच कागदावर घेतलेले दोघांच्या रक्ताचे ठिपके पाठवलेत. जंतूंचेही वाण असतात, धानासारखे. गडचिरोलीकडचा वेगळा निघू शकतो, इथला वेगळा. जुळतात का ते कळेल. पण त्याला महिने लागतात."

"तवरिक धान कापणीले येईन."

"हो," मॅडम म्हणाल्या. "येईल." मग त्या वही ओढून म्हणाल्या, "वरच्या मोहल्ल्याला मी टिकारामला पाठवते. साकोलीचाच आहे. त्याला ते आत घेतील."

बोलल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी वही मिटली.

"मॅडम, एकडाव मी विचारून पाहातो," सुगत म्हणाला. "नाही म्हनलं त तसं लिवून आनतो."

"मी येऊ बरोबर?"

"नोको. तुमाले पाहून हो म्हनतील."

डिंपलला दवाखान्यातून आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सुगत उजाडताना निघाला. मंगलाबाईही उठून मागं आली. तो म्हणाला, "तू कायले?" ती म्हणाली, "मी बाहेर उभी रायतो. रस्ता काही कोनाच्या बापाचा नाही."

टेकचंद अंगणात कडुलिंबाच्या काडीनं दात घासत होता. मंदाबाई सडा टाकत होती. मंगलाबाई फाटकाच्या बाहेर थांबली.

"काकू, आतली खोली पाहाची हाय."

"गोठा पाह्य ना बापू," मंदाबाई म्हणाली, पण तिचं लक्ष फाटकाकडं होतं.

"गोठा मागं पाह्यला. तवा तुमी आत नाही म्हनलं. मी मंग गोठ्यातलेच मच्छर आतल्या खोलीचे म्हनून देल्ले. म्हनून तुमच्या मोहल्ल्यात फवारा झाला नाही."

टेकचंदनं काडी तोंडातून काढली. "म्हंजे तू खोटं लिवलं?"

"हो, भाऊ."

"सारं गाव तुह्या भरोशावर! तुले त कामावरून हाकलाले पाहिजे."

"हाकलतील. पन आजचं काम करून घेतो."

"पोलिसात देऊ का तुले? माह्या सुनेच्या जिवावर आलतं!"

"द्या ना," फाटकाबाहेरून मंगलाबाई म्हणाली. "तेथं बी विचारतील, आत काहून नाही घेतलं म्हनून. तुमीच सांगा मंग."

टेकचंदनं मंदाबाईकडे पाहिलं. मंदाबाईनं बादलीकडे. तिनं कोणाला काही सांगितलेलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. आणि तिनं विचारलं असतं तर त्यानंही तेच सांगितलं असतं, हेही दिसलं.

"मंदाबाई," मंगलाबाई म्हणाली, "नाही म्हनाचं असन त नाही म्हना. या खेपेले तो तसंच लिवन. बस."

गोठ्यात म्हशीनं कान झाडले. मग आतून डिंपलचा आवाज आला, बारीक, झोप न झालेला.

"आई, येऊ द्या ना त्याले. रातभर खाऊन राह्यले मच्छर."

मंदाबाईनं हात पदराला पुसले. आत जाऊन देवघरापुढचा पडदा ओढला. परत दाराशी येऊन बाजूला झाली.

"चप्पल काढून ये."

"काढली, काकू."

खोलीत अंधार होता. खाटेवर डिंपल भिंतीला टेकून बसली होती, चेहरा हळदीसारखा पिवळा, पोटावर गोधडी. "सुगतभाऊ, त्या वळणीमागं पाहा," ती म्हणाली. "तिकडूनच येतेत."

वळणीवर लुगडी टांगलेली होती. सुगतनं ती एका हातानं बाजूला केली आणि उजेड पाडला. डास होते. तिरके, मागचं टोक वर करून, पोटं तांबडी आणि ताणलेली. एका खाली एक. त्यानं नळी टेकवली, श्वास ओढला. तोंडात या वेळी कडुतेलाचा आणि औषधाच्या बाटलीचा वास आला.

मंदाबाई दारात उभी राहून प्रत्येक डासाकडे पाहत होती. नळी हळूहळू भरत गेली.

"हे सारे डिंपलचं रक्त पेले?" तिनं विचारलं.

"वहिनीचं असन, तुमचं असन, भाऊचं असन. मानसाचं हाय का नाही, तेवढंच समजते."

खाटेच्या मागचा कोपरा पाहताना त्याच्या मनगटाला चुणचुणलं. उजेड फिरवला तर डास मनगटावर तिरका बसून पीत होता. सुगत हलला नाही. डासाचं पोट तांबडं झाल्यावर नळी टेकवून त्यानं तो ओढला, खिशातून एक वेगळी नळी काढली आणि त्यात सोडला.

"त्याले काहून निराळं ठेवलं?"

"तो माह्या रक्ताचा हाय, काकू. तुमच्या घरच्यात धरता येत नाही."

मंदाबाई त्याच्या मनगटाकडे पाहत राहिली. तिथं गांधी उठत होती. "चावला त याच खोलीत ना," ती म्हणाली.

"याच खोलीत."

ती दारातून बाजूला झाली.

सुगत बाहेर आला. फाटकाच्या दगडावर बसून त्यानं नळीवर चिठ्ठी चिकटवली आणि लिहिलं, 'आतली खोली'. मंदाबाई त्याच्या मागोमाग अंगणात आली होती. टेकचंद गोठ्यात जाऊन उगाच तणस उलटीपालटी करत होता.

"मंगला," मंदाबाई म्हणाली, "बोडीखालची एक बांधी रायली हाय. एकोडीच्या बाया कालपासून आल्या नाहीत. पऱ्हे पिवळे पडून राह्यले."

मंगलाबाईनं पदर खोचला.

"तुमच्या घरी ताप हाय, बाई," ती म्हणाली. "फवारा होऊ द्या. अन् मंग माह्या बायाहिले विचारा लागन, येतेत का."

मायलेक रस्त्याला लागले. तलावाच्या पाळीवर ऊन चढत होतं. घरी चिंधू जाळीत बसलेला असणार, त्याला अजून चहा मिळालेला नव्हता. मंगलाबाई पावलं भरभर टाकू लागली आणि मग मध्येच थांबली.

"आता कोनाचं घर?"

"आनंदरावचं."

"तेथं बी विचारलं नव्हतं ना तू?"

"नाही."

"मंग चाल," ती म्हणाली. "विचार."